थांबलेली ट्रीटमेंट पुन्हा सुरू करताना

२५ मार्च २०२० ला कोरोनाचा लॉकडाऊन लागला तसं आमचं पेन क्लिनिकही (जुन्या दुखण्यांवर इलाज करतो ते) बंद झालं आणि त्यानंतर कितीतरी आठवडे मी पेशंटना फक्त फोनवर भेटत होते. हे लिहितेय तेव्हा २०२० चा ऑक्टोबर आलाय, जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पासची अट २ सप्टेंबरपासून गेली, एसटी सुरू झाली, लोक बाहेर पडायला लागलेत, आणि या महिन्यात आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलंय, की कंबर, गुडघा, मान, नस यांची जी ट्रीटमेंट मार्चमध्ये अर्ध्यावर सुटली ती आता परत सुरू करायची का आणि केली तर कशी. म्हणून यावेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिलीये. नावं छापलेली नाहीत, लांब पत्रं थोडी कमी केलीत.

प्रश्न: वय ६१, सांगली. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. मार्चपर्यंत आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जायचे, तेव्हा एक मजला जिना चढत होते. आता बाथरूमच्या पायरीलाही भिंत धरावी लागते. फिजिओचं क्लिनिक सुरू झालंय पण मुलगा म्हणतो कोरोना जाऊ दे मग बघू. काय करू?

ताई, मुलाची काळजी खरी आहे, त्याला रागावू नका. पण 'कोरोना जाऊ दे मग' याला तारीख नाहीये, आणि गुडघा तोपर्यंत थांबून राहत नाही. गुडघ्याच्या वरचा मांडीचा जो स्नायू असतो तो शरीराचा बराच भार स्वतः झेलतो आणि सांध्याला वाचवतो, तो सहा-सात महिने नीट वापरला नाही की बारीक होतो, मग तोच भार सरळ सांध्यावर येतो, दुखतं म्हणून आपण आणखी कमी चालतो आणि स्नायू आणखी बारीक होतो. तुम्ही भिंत धरताय ती यामुळे, झीज सहा महिन्यांत एवढी वाढत नाही. म्हणजे यातलं बरंचसं परत येण्यासारखं आहे, हे आधी मनात धरा.

जाण्याआधी क्लिनिकला फोन करा आणि विचारायला लाजू नका. एका वेळी किती पेशंट आत असतात, वेळ ठरवून बोलावतात का, खिडक्या उघड्या असतात की एसी लावून बंद खोली, प्रत्येक पेशंटनंतर बेड पुसतात का, व्यायाम करून घेताना थेरपिस्ट मास्क नाकावर ठेवतात का. या पाचातल्या तीन गोष्टींना 'हो हो, काळजी करू नका' असं मोघम उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. चादर आणि शेकाच्या पिशवीखाली घालायला टॉवेल घरून न्या, घरी आल्यावर धुवायला टाका. आठवड्यातून तीनदा जायचीही गरज नाही. एकदा समक्ष तपासून घ्या, व्यायाम हाताला धरून शिकून घ्या, मग पंधरा दिवसांतून एकदा जा आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर दाखवा. मशीनचा शेक बरा वाटतो हे मला माहितीये, पण पाय परत ताकदीचा होतो तो व्यायामाने, आणि व्यायाम घरीच करायचा असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मार्चमध्ये जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका. तेव्हा प्रत्येक व्यायाम वीस वेळा करत असाल तर आता आठ-दहा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीइतकंच असेल तर आठवडाभराने दोन वाढवा, आणि दुखणं चढलं आणि दिवसभर उतरलंच नाही तर दोन कमी. जूनमध्ये माझ्याकडे एक काकू आल्या, क्लिनिक उघडल्याच्या आनंदात घरी जाऊन पहिल्याच दिवशी जुना सगळा सेट केला, त्यानंतर चार दिवस कॉटवरून उठल्या नाहीत आणि मग 'व्यायाम मला सोसत नाही' असं धरून बसल्या. त्यांना परत पाच वेळांवर आणायला मला महिना लागला.

एक अगदी छोटी गोष्ट, दारात ताप मोजतात त्याबद्दल. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन निघालात तर अंगात असलेला तापही त्या गनवर दिसत नाही. म्हणून गोळी घेतली असेल तर दारातच सांगा, आणि घसा, खोकला, वास न येणं यातलं काहीही असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

प्रश्न: वय ४७, सोलापूर, रिक्षा चालवतो. मणक्याची गादी सरकलीये, डाव्या पायात आग होते. ट्रामाडॉल (जोरदार पेनकिलर) आणि प्रीगॅबालिन (नसेच्या दुखण्याची गोळी) दोन्ही दिवसातून दोनदा चालू होतं. एप्रिलमध्ये गोळ्या संपल्या, मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवर ट्रामाडॉल दिली नाही. आठवडाभर घाम, जुलाब, अंगदुखी, झोप नाही, घरचे म्हणाले कोरोनाच झाला. मग आपोआप कमी झालं. आता धंदा सुरू झालाय आणि पाय परत जळतोय. कपाटात दोन्ही गोळ्यांची अर्धी अर्धी स्ट्रिप सापडली. पहिल्यासारखं सुरू करू का?

नको दादा. त्या स्ट्रिप आज हातात घेऊ नका, डॉक्टरांना दाखवायला म्हणून जपून ठेवा.

आधी त्या आठवड्याबद्दल. तुमची टेस्ट झालेली नाही त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही, पण रोजची ट्रामाडॉल एकदम बंद पडली की हेच सगळं होतं, घाम, जुलाब, नाक गळणं, हातपाय ठणकणं, रात्रभर तळमळ. प्रीगॅबालिनही अचानक थांबली की झोप उडते, जीव घाबरा होतो. ही औषधं पायरी-पायरीने उतरवायची असतात, आणि हे तुम्हाला पहिल्या चिठ्ठीच्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवं होतं. नुसतं लिहून द्यायचं आणि बंद कसं करायचं ते सांगायचं नाही, हे आमच्याकडून फार वेळा होतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

मेडिकलवाल्याने दिली नाही ते मात्र बरोबर केलं. ट्रामाडॉल २०१८ पासून नार्कोटिक्सच्या कायद्याखाली आलीये. मार्च २०२० च्या शेवटी सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्याने फोनवर-व्हिडिओवर चिठ्ठी देणं सोपं झालं, पण नार्कोटिक्सच्या कायद्यातली औषधं त्यातही वगळलेली आहेत. म्हणजे ट्रामाडॉलसाठी डॉक्टरांना समक्ष भेटणं आलंच. प्रीगॅबालिनबद्दल तुमच्या जुन्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येईल.

आता जुना डोस का नको ते सांगते. रोज गोळी घेताना शरीर त्या डोसला सरावलेलं असतं, काही आठवडे बंद राहिली की तो सराव मोडतो. आज तुमचं शरीर नवख्या माणसाचं आहे. तोच जुना डोस, तोही दोन्ही गोळ्या एकत्र, याने गुंगी येते, चक्कर येते, आणि जास्त झालं तर श्वास मंदावतो. त्यात संध्याकाळी दोन पेग घेतले तर जिवावर बेतू शकतं. आणि तुमच्या मागे सवारी बसलेली असते.

डॉक्टर बहुतेक प्रीगॅबालिन एकटीच, कमी ताकदीची, फक्त रात्री असं सुरू करतील आणि आठवडाभराने बघतील. पहिले काही दिवस सकाळी डोकं जड आहे का ते पाहूनच रिक्षा काढा. ट्रामाडॉलबद्दल माझं मत विचाराल तर तुम्ही एवढे महिने तिच्याशिवाय काढलेत, ते हाल सोसून काढलेत, मग लगेच परत तिच्याकडे जाण्याआधी बाकीचं सगळं करून बघूया. तिची गरज लागलीच तर थोड्या दिवसांपुरती, आणि थांबवायची तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्या.

प्रश्न: वय ६६, नागपूर. मणक्याची नळी अरुंद झालीये, डायबिटीस आहे. दर सहा-आठ महिन्यांनी कमरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतो, मार्चमधलं राहिलं. आता पाच मिनिटंही सलग उभं राहता येत नाही. डॉक्टर म्हणतात थोडं थांबू, स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते. पण कोरोनाच्या पेशंटला तर स्टिरॉइडच देतात ना? मग इंजेक्शनने उलट संरक्षणच मिळेल की.

काका, तुमचा प्रश्न वाजवी आहे आणि तो मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त दहा दिवस, याने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटमधले एक पंचमांशाने. पण त्याच ट्रायलमध्ये ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. कारण असं की आजार वाढल्यावर शरीराची स्वतःचीच सूज फुफ्फुसाला मारायला लागते, स्टिरॉइड ती सूज दाबतं. आजार व्हायच्या आधी किंवा पहिल्या काही दिवसांत मात्र शरीराची तीच यंत्रणा विषाणूशी लढत असते, तिला तेव्हा दाबून चालत नाही. औषध तेच, पण वेळ चुकली की काम उलटं.

कमरेत जे इंजेक्शन देतात ते बहुतेक वेळा हळूहळू झिरपणारं असतं, त्याने शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड काही आठवडे कमी बनतं, आणि तुमच्यासारख्यांची साखर पुढचे काही दिवस चांगलीच चढते. चढलेली साखर आणि कोरोना ही जोडी आम्ही या सहा महिन्यांत फार जवळून बघितलीये.

पण म्हणून इंजेक्शन नाहीच असं मी म्हणणार नाही. पाच मिनिटं उभं राहता येत नाही म्हणजे तुमचं चालणं गेलं, चालणं गेलं की साखर आणि वजन दोन्ही बिघडतं, तोही धोकाच आहे आणि तो मोजायला हवा. डॉक्टरांशी बसून असं बोला: आधी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) करून साखर जागेवर आणायची, मग लागलंच तर कमीत कमी डोसमध्ये, शक्यतो लवकर उतरणारं स्टिरॉइड, एकच इंजेक्शन. त्याआधी आणि नंतरचे दोन-तीन आठवडे लग्न, बारसं, बाजार सगळं बंद. इंजेक्शननंतर आठवडाभर घरी साखर रोज तपासायची, जास्त आली तर कुणाला फोन करायचा ते आधीच ठरवून ठेवायचं. घरात कुणालाही ताप-खोकला असेल तर तारीख पुढे ढकलायची. तोपर्यंत चालताना थोडं पुढे वाकून, काठी किंवा वॉकर धरून चाला, या आजारात वाकल्यावर नळीला थोडी जागा मिळते. लोक काठीला लाजतात, तुम्ही लाजू नका.

आणि एक गोष्ट सगळ्या वाचकांसाठी. लघवी अडकली किंवा कळत नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर कोरोना असो नसो त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला जा. यात एक-दोन दिवस अंगावर काढले तर पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न: वय ३९, कोल्हापूर, बँकेत काउंटरला आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या नसेचं दुखणं) आहे, उजव्या गालात करंट बसल्यासारखी कळ येते. कार्बामाझेपिन या नसेच्या गोळीवर छान होते. लॉकडाऊनमध्ये घरी होते, त्रास नव्हता, म्हणून मे महिन्यात गोळी स्वतःच बंद केली. आता रोज आठ तास मास्क, आणि मास्क गालाला घासला की कळ. कस्टमरसमोर डोळ्यांतून पाणी येतं. मास्क तर काढू शकत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हे दुखणं ज्याने बघितलं नाही त्याला कळत नाही की गालावरून वाऱ्याची झुळूक गेली तरी माणूस कळवळतो, आणि इथे तर दिवसभर कापड चिकटून आहे.

औषध परत सुरू करावं लागेल, पण शेवटच्या डोसने नाही. कार्बामाझेपिन नव्याने सुरू करतो तशी, कमी डोस, तीन-चार दिवसांनी थोडा वाढवत. त्याआधी रक्तातलं सोडियम, रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी करा आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांनी परत. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा त्यासोबत ताप आला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा, ॲलर्जी असेल म्हणून दोन दिवस बघत बसू नका. गुंगी येते, म्हणून डोस वाढवायचा तर शक्यतो सुट्टीच्या आदल्या रात्री वाढवा.

आता मास्क. माझ्या एका पेशंटबरोबर बसून आम्ही हे करून पाहिलं. कानात अडकवायचा मास्क गालावरून ताणला जातो, तोच घातक. त्याऐवजी डोक्याच्या मागे दोन नाड्यांनी बांधायचा मास्क घ्या, एक गाठ कानाच्या वर, एक मानेवर. मधोमध शिवण असलेला, चोचीसारखा पुढे येणारा, ज्यात कापड ओठांपासून आणि गालापासून लांब राहतं. नाकावर तार हवी म्हणजे तो घसरत नाही, कारण घसरला की आपण ओढतो आणि ओढला की कळ. त्या पेशंटने शिंप्याकडून जुन्या मऊ सुती साडीचं अस्तर लावून सहा शिवून घेतले, दुखऱ्या बाजूची शिवण बाहेरून घ्यायला लावली. सकाळी गोळीचा असर चढल्यावर एकदाच बांधायचा आणि जेवणापर्यंत हात लावायचा नाही. नुसती फेस शील्ड मास्कच्या जागी चालत नाही, ती हवा अडवत नाही. पण पंख्याचा वारा गालावर येत असेल तर मास्कवर शील्ड लावून बघा. मॅनेजरना डॉक्टरांचं पत्र द्या आणि महिना-दोन महिने बॅक ऑफिसला बसायला मागा, तिथे एकट्या असाल तेव्हा गालाला विसावा मिळेल. मागण्यात कमीपणा नाही, हा आजार दिसत नाही म्हणून सांगावाच लागतो.

प्रश्न: आमवात (र्‍हुमॅटॉइड) आहे. आमवातासाठी दोन गोळ्या चालू होत्या. एप्रिलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन कुठे मिळेना म्हणून सुटली, मग भीतीने मेथोट्रेक्सेटही सोडली. सांधे परत सुजलेत. वय ५२, औरंगाबाद.

मार्चच्या शेवटी आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि पेशंटच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवली आणि आठवड्याभरात ज्यांना ती खरंच लागते त्यांच्याच हातून गेली. मी स्वतः दोन पेशंटसाठी दहा-बारा मेडिकलला फोन केले होते. जूनपर्यंत मोठ्या ट्रायलमध्ये कोरोनाच्या पेशंटना तिचा फायदा नाही हे दिसलं, आता ती मिळतेय, तुमच्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टशी बोलून परत सुरू करा. मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या, सहा महिन्यांपूर्वीचे रिपोर्ट चालणार नाहीत. ती आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, कारण खंड पडल्यावर रोज घेतली गेली असं झालंय आणि ते फार धोक्याचं आहे. ताप आला किंवा कोरोनाची शंका आली तर डॉक्टरांना विचारून तेवढ्यापुरती थांबवायची. सुजलेले सांधे असेच ठेवले तर ते वाकडे होतात, आणि वाकडे झालेले गोळीने सरळ होत नाहीत.

प्रश्न: आयब्युप्रोफेनने कोरोना वाढतो असं व्हॉट्सॲपवर वाचलं. घेऊ का नको?

मार्चमध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांच्या एका ट्वीटवरून ते सुरू झालं, त्याच आठवड्यात डब्ल्यूएचओने सांगितलं की ही गोळी टाळा असं आम्ही म्हणत नाही. तेव्हा कोरोनासाठी घाबरू नका. घाबरायचं असेल तर किडनी, बीपी आणि पोटातल्या अल्सरसाठी घाबरा. लॉकडाऊनमध्ये रोज दोन-तीन पेनकिलर पोटात घातलेले बरेच जण आता येतायत, त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं सापडतं. तीन महिन्यांहून जास्त रोज घेतली असेल तर आधी तपासणी, मग पुढची स्ट्रिप.

प्रश्न: ऑगस्टमध्ये कोरोना झाला, घरीच बरा झालो. जुनी कंबरदुखी दुप्पट झालीये. व्यायाम आणि इंजेक्शन कधी?

२०२० च्या सरकारी नियमाप्रमाणे सौम्य आजारात दहा दिवस आणि ताप नसलेले तीन दिवस झाले की डिस्चार्ज, त्यानंतर सात दिवस घरी, म्हणजे तुमच्यापासून दुसऱ्याला धोका आता नाही. पण शरीर अजून थकलेलं असतं. आधी सपाट जागेवर पाच-सात मिनिटं चाला, ऑक्सिमीटर असेल तर चालण्याआधी आणि नंतर बघा, ९४ च्या खाली जात असेल किंवा धाप लागत असेल तर कंबर बाजूला ठेवून फिजिशियन गाठा. दम नीट झाला की मग व्यायाम. इंजेक्शनची घाई करू नका, थकवा पूर्ण जाईपर्यंत थांबा.

प्रश्न: मी पुण्यात, वडील ७४ वर्षांचे रत्नागिरीजवळ गावी, आई आहे सोबत. मानेचं आणि खांद्याचं जुनं दुखणं. फोनवर विचारलं की 'ठीक आहे रे' एवढंच म्हणतात. आई म्हणते रात्री कण्हतात. मला कळणार कसं?

'दुखतंय का' असं विचारू नका, त्या पिढीचं उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी कामं विचारा. सदऱ्याची वरची बटणं स्वतः लावता का, आंघोळीचा तांब्या कोणत्या हाताने घेता, माडाखाली पडलेला नारळ उचलता का आईला सांगता, रात्री कुशी बदलायला किती वेळा उठता. मार्चच्या आधी काय जमत होतं ते तुम्हाला माहितीये, त्यातलं काय सुटलं ते कागदावर लिहून काढा. हाताच्या बोटांना मुंग्या, कप हातातून सुटणं, चालताना पाय अडखळणं, यातलं काही निघालं तर मानेत नस किंवा मज्जारज्जू दाबला जातोय का ते बघायला लवकर समक्ष दाखवावं लागेल, तिथे फोन उपयोगाचा नाही.

तसं काही नसेल तर ई-संजीवनी ओपीडी ही सरकारची मोफत सेवा आहे, मोबाइलवर ओटीपी येतो, टोकन मिळतं, डॉक्टर व्हिडिओवर दिसतात. गावात रेंज कुठे येते ते बघून तिथे खुर्ची टाकायला सांगा, आणि आईला मोबाइल धरायला सांगा म्हणजे बाबांना दोन्ही हात वर करून दाखवता येतील. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं एका ताटात ओतून समोर ठेवा, बीपीच्याही. २०२० च्या 'माझं कुटुंब, माझी जबाबदारी' या कोरोनाच्या सर्व्हेला आशाताई घरी येऊन ताप आणि ऑक्सिजन बघून गेल्या असतील, त्यांना दुखण्याचंही सांगून ठेवा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण कधी असतं ते त्यांना पक्कं माहिती असतं. आणि दिवाळीला गावी जाणार असाल तर जायच्या आधीचे काही दिवस जपून राहा, तिथे पोचल्यावर मास्क ठेवा, आणि पहिल्याच सकाळी बाबांना स्वतः सदरा घालताना बघा.